दीडशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन पत्र कसं वाचावं: एका सॉर्टरची पद्धत

मी मिरज आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल खात्यात, तेहतीस वर्षं सॉर्टर होतो. हलत्या डब्यात उभं राहून पत्त्याची एक ओळ वाचायची आणि पत्र नेमक्या खणात टाकायचं, हा धंदा. आतलं पत्र मात्र कधी वाचलं नाही. दुसऱ्याचं पत्र उघडलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. आता रिटायर होऊन सांगलीत गावभागात बसलोय आणि रोज सकाळी दोन तास लोकांची पत्रंच वाचतोय. तीही अमेरिकेतली, लिहिणारे आणि घेणारे सगळे कधीच मातीत गेलेले. सौ.ला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, मेलेल्यांची असली तरी पत्रं ती पत्रंच.

सुरुवात पुरामुळे झाली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा तांदळाचं पोतं माळ्यावर गेलं, टीव्ही गेला, पत्रांची ट्रंक राहिली. वडिलांची पत्रं निळ्या शाईची होती. ट्रंक उघडली तर कागद आकाशी झालेले, अक्षर एक नाही. आठ दिवस मी ते कागद दोरीवर वाळत घालत होतो. शेवटी नात पुण्याहून आली, लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, पत्रंच वाचायचीत ना? मग ही वाचा."

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८ साली 'बाय द पीपल' नावाचं काम सुरू केलं. जुन्या हाताने लिहिलेल्या कागदांचे फोटो तिथे ठेवलेले असतात. कुणीही घरबसल्या एक पान घ्यायचं, वाचायचं आणि टाइप करून द्यायचं. दुसरा कुणीतरी ते तपासतो. स्मिथसोनियन या तिथल्याच संग्रहालयांच्या संस्थेचं असंच काम २०१३ पासून चालू आहे. पैसे मिळत नाहीत आणि लागतही नाहीत. शाळेतलं इंग्रजी आणि बरी नजर एवढ्यावर भागतं. आमच्या कट्ट्यावरच्या दोघांनी विचारलं कसं करतोस म्हणून, त्यांच्यासाठी हे लिहून काढलं.

पहिली गोष्ट, पत्र हातात आलं की वाचायला लागायचं नाही. आधी बाहेरून बघायचं. फोटोंमध्ये पत्त्याची बाजू बहुतेक शेवटी असते, लोक ती सोडून देतात. मी तिथूनच सुरू करतो.

१८४५ च्या आधीचं पत्र असेल तर पाकीट शोधू नका. तिकडे तेव्हा टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर असायचा. चारशे मैलांपलीकडे एका कागदाला २५ सेंट, दोन कागद असले की दुप्पट. पाकीट हाही एक कागदच धरला जायचा. मग कोण कशाला पाकीट वापरतोय? एक मोठा ताव घ्यायचा, दुमडून चार पानं करायची, तीन भरून लिहायची, चौथ्यावर मधोमध पत्ता, घडी घालून लाखेने चिकटवायचं. उघडताना लाखेबरोबर कागदाचा तुकडा फाटून यायचा, त्यामुळे पानाच्या कडेला एक भोक असतं आणि तिथले दोन-तीन शब्द गेलेले असतात. पहिल्यांदा मला वाटलं उंदराने खाल्लं.

१८४५ च्या जुलैत दर सोपे झाले. अर्ध्या औंसाला तीनशे मैलांच्या आत ५ सेंट, पुढे १०. तिकीट १८४७ ला आलं, पाच सेंटवर फ्रँकलिन आणि दहावर वॉशिंग्टन. १८५१ ला आगाऊ पैसे भरले तर ३ सेंट. तोवर पत्र घेणाऱ्यानेच पैसे द्यायची पद्धत सर्रास होती, आपण ज्याला नॉटपेड म्हणायचो ते. १८५५ पासून आगाऊ भरणं सक्तीचं झालं. आपल्याकडे १८५४ ला अर्ध्या आण्यात कुठूनही कुठेही पत्र जायला लागलं होतं, हे नातीला सांगताना माझी कॉलर जरा ताठ झाली होती. हे सगळं पाठ करायची गरज नाही. फायदा एवढाच की पत्रावर तारखेचं साल पुसलेलं असलं तरी वर शाईने लिहिलेला २५ चा आकडा दिसला की समजायचं, हे बहुतेक १८४५ च्या आधीचं आणि लांबून आलेलं. आणि इतके पैसे मोजून आलेल्या पत्रात फुकाच्या गप्पा कमी असतात. तीन सेंटची पत्रं मात्र आरामात पाल्हाळ लावतात.

तिकडच्या यादवी युद्धाच्या काळातलं, म्हणजे १८६१ ते ६५ मधलं पत्र असेल आणि वर 'सोल्जर्स लेटर' असं लिहिलेलं असेल, तर ते शिपायाने बिनपैशाचं टाकलेलं. घरच्यांनी पैसे भरून सोडवून घ्यायचं.

पत्त्यात गल्ली आणि घर नंबर नसेल तर दचकू नका. १८६३ पर्यंत शहरातसुद्धा पोस्टमन फुकट पत्र घरी आणून देत नव्हता. लोक स्वतः पोस्टात जाऊन 'आमचं काही आहे का' विचारायचे. खेड्यात घरपोच टपाल सुरू व्हायला १८९६ उजाडलं. म्हणून पत्त्यावर नाव, गाव, जिल्हा, राज्य, संपलं.

इथे थोडं विषयांतर करतो, आमच्या धंद्याचं आहे म्हणून. चालत्या गाडीत टपाल वेगळं करायचं काम आपल्याकडे १८६३ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झालं. अमेरिकेत ते रीतसर सुरू झालं २८ ऑगस्ट १८६४ ला, शिकागो ते आयोवामधल्या क्लिंटन गावापर्यंत. प्रयोग म्हणून त्यांनी १८६२ ला मिसुरीत केलं होतं, ते मोजलं तर ते पुढे. मी मोजत नाही.

आता आत या. पहिल्यांदा तारीख. तिकडे महिना आधी, दिवस नंतर. ४/५ म्हणजे पाच एप्रिल. ही चूक आपल्याकडचा प्रत्येक माणूस एकदा करतो. मजकुरात '५ इन्स्ट.' असेल तर चालू महिन्याची पाच आणि 'अल्ट.' असेल तर गेल्या महिन्यातली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तेव्हा महिन्यांची आणि वारांची नावंच घेत नसत, कारण ती नावं जुन्या देवदेवतांवरून पडलेली. त्यांच्या पत्रात 'सातवा महिना, चौथा दिवस' असतं आणि रविवार म्हणजे पहिला वार. आणि वरची तारीख शेवटपर्यंत खरी धरू नका. बाई सोमवारी लिहायला बसते, मूल रडतं, पत्र राहतं. गावाकडे कुणी जाणार असेल त्या दिवशी ते पुरं होतं. मध्ये शाई बदलते, अक्षराचा कल बदलतो. अशी जागा दिसली की थांबायचं, तिथे दिवस बदललाय.

अक्षर हा लोकांना सगळ्यात अवघड वाटणारा भाग. मला नाही वाटला, पण माझी पद्धत सांगतो. पान वाचायच्या आधी त्या माणसाची बाराखडी बनवायची. एक कोरा कागद घ्या. पत्रात जे शब्द हमखास कळतात ते शोधा: महिन्याचं नाव, 'डियर', 'मदर', खालची सही. त्यातलं एकेक अक्षर तो कसा काढतो ते कागदावर जसंच्या तसं काढा. सात-आठ शब्दांत निम्मी बाराखडी हाती येते. मग अडलेला शब्द आला की अंदाज नाही करायचा, त्याचं एकेक अक्षर तक्त्याशी जुळवायचं. डब्यातसुद्धा नवीन गावच्या पोस्टमास्तरचं अक्षर मी असंच ओळखीचं करून घ्यायचो.

एक अक्षर मुद्दाम सांगतो. जुन्या लोकांच्या हातात 'एस' दोनदा आला की पहिला लांब पायाचा काढतात, तो थेट 'एफ'सारखा दिसतो. 'मिस' हा शब्द 'मिफ्स' दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अर्ध्यापर्यंत हे चालू होतं, म्हाताऱ्यांच्या हातात त्यानंतरही. शिवाय नावं आखडून लिहायची सवय: 'जेएनओ' म्हणजे जॉन, 'डब्ल्यूएम' म्हणजे विल्यम, शेवटचं अक्षर वर बारीक टांगलेलं. माझे आजोबा मोडीत लिहायचे, त्यात राजश्रीचं 'रा.' आणि तीर्थरूपचं 'ती.' पुरायचं. हात आखडता घ्यायची कला सगळीकडे सारखीच.

शब्द डोळ्यांनी लागत नसेल तर मोठ्याने वाचा. शेतकऱ्याच्या घरातली माणसं कानाला येईल तसं लिहितात. 'नो' म्हणजे नाही की माहीत असणं, 'राइट'चा 'डब्ल्यू' कुठे गेला, हे बघत बसलात तर दिवस जाईल. तोंडाने म्हटलं की कळतं. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करणारी मोडी ज्याने वाचली आहे त्याला हे नवीन नाही. आमच्या स्वयंपाकघरातून यावर बरेच शेरे येतात, कारण मी वाचतो ते इंग्रजी आणि ऐकू येतं ते काहीतरी तिसरंच.

सगळ्यात वाईट म्हणजे आडवं-उभं लिहिलेलं पान. कागद संपला, पैसे वाचवायचे, मग पान काटकोनात फिरवून लिहिलेल्या मजकुरावरच दुसरा मजकूर आडवा लिहायचा. पहिल्यांदा बघितलं की चटई विणलेली दिसते. घाबरू नका. फोटो फिरवा, मोठा करा आणि एकाच दिशेच्या ओळीवर पट्टी धरून जा. दुसऱ्या दिशेच्या रेघा पाच मिनिटांत नजरेआड होतात. शाई फिकी असेल तर फोटोचा काळा-पांढरा फरक वाढवा. ही शाई बहुतेक लोखंडाच्या क्षाराची आणि मायफळासारख्या गाठींची केलेली. ती कागदात मुरते, काळ्याची तपकिरी होते, कुठे कुठे कागद खाते, पण पाण्याला सहसा जुमानत नाही. माझ्या वडिलांनी तसली शाई वापरली असती तर काय हवं होतं.

आता मजकूर. सुरुवातीच्या दोन ओळी जवळजवळ सगळ्या पत्रांत सारख्या असतात: लेखणी हाती घेतली आहे, मी बरा आहे, या चार ओळी पोचतील तेव्हा तुम्हीही तसेच असाल अशी आशा आहे. आपलं 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम लिहीत जाणे', तेच. यात बातमी नसते. पण त्यात जरा जरी फरक असेल तर कान टवकारा. 'मी बरा आहे' ऐवजी 'आम्ही राहिलेले बरे आहोत' असं आलं की खाली कुणीतरी गेलेलं असणार. काळ्या काठाचा कागद असेल तर विचारायलाच नको. आपण कार्डाचा कोपरा फाडायचो, ते कागदाला काळी किनार लावायचे.

मग येतं आजारपण. या पत्रांत हवा, पीक आणि आजार यांनी निम्मी जागा खाल्लेली असते. 'एग्यू' म्हणजे हिवताप, एकाआड एक दिवस हुडहुडी भरणारा. 'कन्झम्प्शन' म्हणजे क्षय. 'समर कम्प्लेंट' म्हणजे उन्हाळ्यात तान्ह्या पोरांना लागणारी हगवण, हा शब्द दिसला की पुढची ओळ वाचायला मन धजत नाही. 'मिल्क सिकनेस' म्हणजे रानातली एक विषारी वनस्पती गाईने खाल्ली आणि तिचं दूध माणसाने प्यालं की होणारा आजार. लिंकनची आई १८१८ साली त्यानेच गेली असं मानतात.

माझी फजिती इथेच झाली. एका पानावर होतं की अमकी बहीण मंगळवारपासून 'कन्फाइन्ड' आहे. मी शब्दकोश उघडला, कोंडलेली. नातीला फोन लावला, म्हटलं, बघ, बाईला घरात कोंडून घातलंय, आणि नवरा कसा आनंदाने लिहितोय! मी दिवसभर त्या माणसावर चिडून होतो. संध्याकाळी पुढचं पान वाचलं तर मुलगा झाला होता. कन्फाइन्ड म्हणजे बाळंतीण. आपणही 'बाहेर बसली' म्हणतो, परक्याला काय कळणार.

शब्दांचे असे सापळे बरेच आहेत. 'कॉर्न' म्हणजे तिकडे मका. 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण. 'मीटिंगला गेलो' म्हणजे सभेला नव्हे, बहुतेक वेळा प्रार्थनेला. 'हेल्प मिळत नाही' म्हणजे कामाला बाई मिळत नाही, ही तक्रार वाचून आमच्या सौ.ला पहिल्यांदाच या पत्रांत रस वाटला. पैशात 'शिलिंग' आणि 'टू बिट्स' दिसले तर इंग्लंडला जाऊ नका. न्यूयॉर्ककडचा शिलिंग म्हणजे साडेबारा सेंट आणि टू बिट्स म्हणजे पंचवीस. नाणं गेलं, हिशेब राहिला. १९५७ नंतरही आपण पंचवीस पैशाला चार आणेच म्हणत होतो की.

नाती सगळ्यात जपून. 'ब्रदर' म्हणजे सख्खा, सावत्र, मेहुणा, दीर किंवा चर्चमधला कुणीही. 'मदर' ही सासूही असू शकते. शिवाय एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत होती, त्यामुळे एकाच घरात दोन जोसेफ निघतात, आणि त्यातला एक फक्त पत्रात जिवंत असतो.

लिंकनचंच एक पत्र घ्या, सरावाला याच्याइतकं चांगलं पान नाही. १२ जानेवारी १८५१, स्प्रिंगफील्ड. वर 'डियर ब्रदर'. हा भाऊ म्हणजे जॉन जॉन्स्टन, सावत्र आईचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा. त्याने दोन पत्रं पाठवली होती की वडील फार आजारी आहेत. लिंकन उत्तर न दिल्याबद्दल सांगतो की विसरलो नव्हतो, पण लिहून काही उपयोग होईल असं वाटलं नाही. पुढे आई-वडिलांना काही कमी पडू नये असं म्हणतो. ही आई म्हणजे सावत्र आई, सख्खी तर केव्हाच गेलेली. मग म्हणतो, कामामुळे निघणं अवघड आहे, शिवाय बायको अंथरुणाला खिळलेली आहे, आणि कंसात: हे 'बेबी-सिकनेस' आहे, धोक्याचं नसावं. तीन आठवड्यांपूर्वी, २१ डिसेंबरला, त्यांना मुलगा झाला होता, त्याचंच हे. आणि शेवटी वडिलांना निरोप: आपण आत्ता भेटलो तर त्यात आनंदापेक्षा दुःखच जास्त होईल की काय, शंका आहे. वडील पाच दिवसांनी, १७ जानेवारीला गेले. मी हे पान तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा तो कंस दिसला. तिसऱ्यांदा 'तुझी दोन्ही पत्रं मिळाली' यातलं 'दोन्ही' दिसलं, म्हणजे एकाही पत्राला उत्तर गेलं नव्हतं.

टाइप करताना एकच नियम: जसं आहे तसं. शुद्धलेखन सुधारायचं नाही, ओळ जिथे तुटते तिथेच तोडायची. शब्द लागला नाही तर चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. मी सुरुवातीला चुका दुरुस्त करून द्यायचो, मास्तरकी. तपासणाऱ्याने माझी पानं एकामागून एक परत पाठवली. आधी अपमान वाटला, मग आठवलं, पत्त्यातली चूक आम्हीही खोडत नव्हतो, पत्र पोचतं करत होतो. अडलेला शब्द रात्रभर सोडा. सकाळी चहाबरोबर निम्मे सुटतात.

ज्यांना इथल्या मातीशी जोडलेलं काही वाचायचं असेल त्यांच्यासाठी: मिरजेत १८९४ साली हॉस्पिटल उभं करणारे डॉ. वॉन्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्या मिशनचे कागद फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत जपलेले आहेत. माझी नजर तिकडेच आहे.

आणि पान पुरं झालं असं वाटलं की ते चारही बाजूंनी फिरवून बघा. समासात, सहीच्या खाली, लाखेच्या घडीआड, उलट्या बाजूने काहीतरी कोंबलेलं असतंच. वर दोन पानं हवापाणी आणि खाली कडेला बारीक अक्षरात 'हे वाचून जाळून टाक'. जाळलेलं नाही म्हणून तर आपण वाचतोय.

आमच्या ट्रंकेतलं सगळं गेलं नाही. आईला लिहिता येत नव्हतं, ती शेजारच्या पोराकडून कार्ड लिहून घ्यायची. पोराकडे बॉलपेन होतं, त्यामुळे तिची अकरा कार्डं शाबूत निघाली. त्यातल्या एकावर मजकूर संपल्यावर कडेने, पार पत्त्याच्या अर्ध्यात घुसलेलं, म्हणजे ज्याने ते सॉर्ट केलं त्याने तिला शिव्याच दिल्या असतील: ता. क. म्हैस व्याली. रेडी आहे. खर्वस तुला पोचत नाही.